आतड्याची तार आणि आठ पंखे

३ एप्रिल, गुरुवार

"डिलाईल रोडच्या, लालबागच्या, नायगावच्या बंधूभगिनींनो! या शहरातलं उत्तम संगीत नेहमी आपल्याला वळसा घालून गेलं. व्हायोलिन वाजलं ते तिकडे फोर्टात, तिकीट लावून, थंडगार हॉलमध्ये. आपल्या वाट्याला काय आलं? गिरणीचा भोंगा! भोंगा गेला, कर्णा आला. कर्णा गेला, डीजे आला. आवाज आपल्याला भरपूर दिला गेला. ऐकण्यासाठी लागणारी शांतता मात्र आजवर कोणीही दिली नाही!"

सुरुवात जमली. इथे टाळ्या पडतील. टाळ्यांना अर्धं मिनिट धरलं आहे.

२७ तारखेला, रविवारी, आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये नूपुरचा कार्यक्रम आहे. माझी लेक सहा वर्षं हॉलंडमध्ये जुन्या पद्धतीचं व्हायोलिन शिकली, तीनशे वर्षांपूर्वी वाजायचं तसं. आजवर तिने कुठल्या कुठल्या देशांत वाजवलं, पण आपल्या माणसांपुढे कधीच नाही. "आई, हा एक कार्यक्रम मला पूर्ण वाजवायचाय," असं फोनवर दोनदा म्हणाली. पूर्ण म्हणजे काय, अर्धा कोण वाजवतं?

संगीतामागची हकीकत ऐकून मी ताडकन उठून बसले. इटलीतला एक अनाथाश्रम. तिथे सोडून दिलेल्या पोरींना आडनाव नसे. नाव आणि पुढे वाद्य, एवढीच ओळख. त्यातली एक व्हायोलिनवाली आगाता. तिने व्हायोलिनसाठी सहा रचना लिहिल्या. वर नाव पडलं तिच्या गुरुजींचं! तीनशे वर्षं त्या वह्या एका मठाच्या कपाटात पडून होत्या. चार वर्षांपूर्वी कोणीतरी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद सोडवला तर खाली पोरीच्या अक्षरात सही: आगाता.

यावर मी बोलणार नाही तर कोण बोलणार? चाळीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं आणि पन्नास वर्षं भाषणं केली. प्रास्ताविक माझंच. पंचेचाळीस मिनिटं पुरतील असं वाटतं.

६ एप्रिल, रविवार

नूपुर आणि तिचा जोडीदार योरिस काल आले. योरिस साडेसहा फुटी आणि त्याचं वाद्य त्याच्याएवढंच. थिऑर्बो म्हणतात. पोट वीणेसारखं आणि मान संपतच नाही. टॅक्सीत मावेना, म्हणून खिडकीतून मान बाहेर काढून आणलं. चाळीतल्या पोरांनी त्याचं नाव जिराफ ठेवलं, आणि आता मीही तेच म्हणते. योरिसने मला वाकून "जय भीम, कमलताई" म्हटलं. उच्चार आमच्या सेक्रेटरीपेक्षा स्वच्छ.

आज हॉल बघायला गेलो आणि भांडण झालं. नूपुरने दोन मिनिटं वाजवलं, वर बघितलं आणि म्हणाली, "आई, पंखे बंद करावे लागतील."

"कोणते?"

"सगळे. खडखड बघ ना किती आहे. ही वाद्यं फार हळू बोलतात. जिराफ तर पंख्याखाली ऐकूच येणार नाही. आणि माईक नकोय आम्हाला."

एप्रिलमध्ये! दीडशे माणसं! मी म्हटलं, "हे आठ पंखे आहेत ना, हे माझ्या सत्याग्रहाचे आहेत. एकोणनव्वद साली प्रौढ शिक्षणाच्या वर्गातल्या बायका घेऊन मी ट्रस्टींच्या दारात तीन दिवस बसले, तेव्हा हे लागले. कष्टकऱ्यांना घामात बसवून कसलं संगीत ऐकवायचं?"

नूपुरने गज सैल केला. व्हायोलिन पेटीत ठेवलं. ती लहानपणापासून अशीच, वाद घालत नाही. वाद घालणं माणसाला यायला हवं. मी तिला पुष्कळ शिकवायचा प्रयत्न केला, पण माझं बोलणं संपायच्या आत ती झोपलेली असायची.

९ एप्रिल, बुधवार

योरिसने सुके बोंबील खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतले. मग त्याने मला तार दाखवली. पोलादाची नाही, मेंढीच्या आतड्याची. आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजतो त्या धनुकलीला असते तशी तात. हवेत ओल असली की ती सैल पडते, सूर उतरतो. "मुंबई," योरिस म्हणाला आणि कपाळाला हात लावला. नूपुर म्हणाली, "लावलेली तार तशी फार वेळ राहत नाही, आई. सूर लावून जास्त थांबता येत नाही. पंधरावीस मिनिटंसुद्धा जड जातात."

मी विचारलं, "ही तात करतं कोण?"

योरिस इंग्रजीत म्हणाला, पूर्वी गावाबाहेर नदीकाठी करायचे. आतडी धुवायची, खरवडायची, पिळायची. वास इतका की त्या लोकांना गावात राहू देत नसत.

मी अख्खी संध्याकाळ हेच लिहीत बसले. राजवाड्यातलं संगीत ज्या तारेवर उभं होतं, ती तार पिळणाऱ्या हातांना वाड्याच्या दारात उभं करत नव्हते! हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. भाषणात पाच पानांची भर पडली. एकूण बत्तीस.

नूपुरने विचारलं, "किती मिनिटं होतील?" मी म्हटलं, "विषय मोठा आहे." ती तारेला तेल लावायला लागली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीची तीन भाषणं. सकाळी वरळी, दुपारी कॉटन ग्रीन, संध्याकाळी नायगाव. घसा बसला, पण काय श्रोते होते! वरळीला माझ्या बोलण्याच्या मध्येच चहा वाटला, म्हणजे लोक उठून जाऊ नयेत एवढी आयोजकांना काळजी. कॉटन ग्रीनला अध्यक्षांनी मला दोनदा चिठ्ठी दिली. भाषण आवडल्याची असणार, उघडून बघायला वेळच झाला नाही. नायगावला शेवटी पुढच्या रांगेत नऊ मुलं होती, त्यातली चार जागी.

योरिस तिन्ही ठिकाणी आला. एक अक्षर कळत नव्हतं तरी ऐकत होता. त्याला म्हटलं, कसं वाटलं? म्हणाला, "फार ताकद. आणि लांब. वाग्नरपेक्षा लांब." हा कोण ते नूपुरला विचारलं तर, "पाचपाच तासांची संगीत नाटकं लिहिणारा जर्मन," म्हणून ती इतकी हसली की खाली बसली. पुष्कळ वर्षांनी तिला असं हसताना पाहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

पत्रिका छापून आली. वाचनालयाचे सेक्रेटरी रामदास परब, मूळचे मालवणचे. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, स्वतः टपाल खात्यातून निवृत्त. माणूस सरळ, पण कार्यक्रमपत्रिकेचं भारी वेड. त्यांनी छापलं आहे: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, सत्कार, पाहुण्यांचं मनोगत, प्रास्ताविक (कमलताई येलवे), व्हायोलिन, आभार.

"प्रास्ताविक पाहुण्यांच्या नंतर?" मी विचारलं.

"ताई, तुमचा आधी ठेवला तर पाहुणे कधी बोलतले? पुढच्या जयंतीक?"

"परब, मी वेळेत बोलते."

"ता खरा. पण तुमच्या भाषणाक घड्याळ पुरणा नाय, कॅलेंडर लागता."

कमिटीतले सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता, पण तो खरा नाही. हॉल नऊला रिकामा करायचा आहे. आमच्याकडे रात्री स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासाला बसतात, त्यांचा वेळ खायचा नाही हा नियम मीच केला आहे. नूपुरचं वाजवणं सव्वा तासाचं. साडेसहाला सुरुवात. हिशेब अगदी नीट बसतो. थोडं फार इकडे तिकडे झालं तर ती सहाऐवजी पाच रचना वाजवेल. घरचीच तर आहे.

हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "हो आई." एवढंच.

२३ एप्रिल, बुधवार

आज नीट लिहायला हवं.

गंगुबाई हॉलची झाडलोट करते. एकोणनव्वदच्या सत्याग्रहात माझ्या शेजारी बसलेली बाई. सकाळी मी रिकाम्या हॉलमध्ये भाषणाचा सराव करत होते, ती जिना पुसत होती. तेहतिसाव्या पानावर होते तेव्हा ती फडका पिळत म्हणाली, "बाई, या खेपेला पोरीला वाजवू द्या."

"म्हणजे काय? तिचाच कार्यक्रम आहे."

"तवाबी तिचाच होता."

"कधी?"

"ती आकरा वर्साची होती तवा. जयंतीला. ह्या पायरीवर बसलेली, पेटी मांडीवर घेऊन. नवा फ्राक. तुमी बोलत व्हता. धा वाजलं, पोलीस आलं, कर्णा बंद. लोक उठलं, खुर्च्या घडी केल्या. पोर तिथंच. मी म्हनलं चल गं घरी, तर म्हनली, आई बोलवंल आता."

मी म्हटलं, असं काही झालेलं नाही. मला आठवलं असतं.

"तुमाला कशाला आठवंल?" ती म्हणाली. रागाने नव्हे. बादली उचलून पुढची पायरी पुसायला लागली.

घरी येऊन माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. मी काही टाकत नाही. १४ एप्रिल २००७. माझं अक्षर:

"आजचं भाषण म्हणजे कळस. पाऊण तास मागितला होता, दीड तास झाला. कर्णा बंद करायला आलेले पोलीससुद्धा पाच मिनिटं ऐकत उभे राहिले. मुलांचे कार्यक्रम वेळेअभावी राहिले. घरी येऊन भाकरी खाल्ली."

मुलांचे कार्यक्रम. नावसुद्धा नाही. भाकरीची नोंद आहे.

त्या इटलीतल्या गुरुजींवर मी पंधरा पानं लिहिली आहेत. फार जळजळीत उतरली आहेत.

मग आणखी वह्या काढल्या. दुपारपर्यंत वाचत होते. २००३, आकांक्षाचा नाच. २०११, शिवाचा तबला. २०१६, नम्रताची कविता. सगळीकडे तेच वाक्य, वेळेअभावी राहिले. आणि सगळीकडे माझं भाषण अप्रतिम.

नूपुर सरावावरून आली तेव्हा वह्या पसरलेल्याच होत्या. तिने पाहिलं आणि त्या ओलांडून आत गेली. मी तिला आवडतो तसा आल्याचा चहा केला. मी पन्नास वर्षं बोलते आहे आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हटलं, "साखर बरोबर आहे का?"

ती म्हणाली, "बरोबर आहे."

२६ एप्रिल, शनिवार

भाषण कमी करायला बसले. चौतीस पानांची आठ झाली. हात कापून द्यावा तसं वाटलं. मग तीन. तातवाल्यांचं पान काढवेना. ते काढलं. आगाताचं काढवेना. ते ठेवलं. दीड पान, चार मिनिटं. कोणाला सांगितलेलं नाही. सांगून पाळता आलं नाही तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही. माईक समोर आला की मला काय होतं ते मला ठाऊक आहे.

२७ एप्रिल, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सव्वासहालाच हॉल भरला. एकशे साठ माणसं, मागे उभी वेगळी. आयाबाया ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून आलेल्या. जिराफ बघून एक आजी म्हणाल्या, "एवढा लांब तंबोरा, तर सूर केवढा लांब जात असेल!"

दीपप्रज्वलनापासूनच घोळ. पंख्यांच्या वाऱ्याने समई लागेना. पंखे बंद केले, समई लागली, पंखे चालू केले, समई विझली. परबांचा हट्ट की ज्योत राहायलाच हवी, कारण फोटो. पुन्हा पंखे बंद, फोटो, पंखे चालू. स्वागतगीत. सत्कार चार जणांचे, शाली एकीत एक अडकलेल्या. पाहुणे पस्तीस मिनिटं बोलले. पहिलंच वाक्य होतं, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." त्यांना संगीतावर काही म्हणायचं नव्हतं. सहकारावर होतं.

मी पहिल्या रांगेत होते. पन्नास वर्षं मी व्यासपीठावरच असायचे. समोर बसणं म्हणजे काय असतं, ते मला आज कळलं. मी घड्याळ बघितलं. मग शेजारच्या बाईचं बघितलं, आपलं पुढे असावं म्हणून.

सात वाजून पस्तीस मिनिटं. हॉल नऊला द्यायचा. नूपुरला सव्वा तास लागतो. हिशेब करायला मला पाटीपेन्सिल लागली नाही. मी चार मिनिटं म्हणून उभी राहिले आणि चौदा बोलले, तर एक रचना गेली. आणि मी चौदा बोलणारच.

पाहुण्यांना टाळ्या झाल्या. मी उठून बाजूच्या जिन्याने वर जाऊ लागले आणि पाहिलं. नूपुर पायरीवर बसली होती. पेटी मांडीवर. तारा दोनदा लावून पुन्हा उतरलेल्या, योरिस तिच्याशेजारी भिंतीला टेकून. माझी चाहूल लागली तशी ती अंग चोरून बाजूला सरकली, मला वर जायला वाट द्यायला. एकोणतीस वर्षांची माझी पोर. चेहऱ्यावर राग नव्हता, सवय होती.

परब माईकवर म्हणत होते, "आता आपली मुलुखमैदान तोफ, कमलताई."

मी गेले. दीड पान हातात होतं. समोर एकशे साठ चेहरे, डोक्यावर आठ पंख्यांची खडखड. लोक खुर्च्यांत मागे रेलले. दोघंतिघं उठून बाहेर चालले होते, विडी ओढायला. त्यांनाही माहीत होतं किती वेळ आहे ते.

मी म्हणाले, "बसा. दोन मिनिटं बसा. हे संगीत आगाता नावाच्या एका टाकून दिलेल्या पोरीचं आहे. तिचं नाव दुसऱ्याच्या नावाखाली तीनशे वर्षं दडपलं होतं. ते आज या हॉलमध्ये माझी लेक नूपुर काढून दाखवणार आहे. या तारा आतड्याच्या आहेत आणि फार हळू बोलतात. म्हणून गंगुबाई, पंखे बंद. सगळे. मीच लावले होते, मीच सांगते. मोबाईल बंद. आणि आता माझंही तोंड बंद."

लोकांना वाटलं ही श्वास घ्यायला थांबली. मी माईकची पिन उपटली आणि खाली उतरले. मग जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, तशा मला चौतीस पानांवर कधी मिळाल्या नाहीत. परबांनी आ वासून घड्याळ बघितलं, मग मनगट कानाला लावलं.

पायरीपाशी आले. नूपुर उभी होती. मला म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, "जा. सहाच्या सहा."

पंखे थांबायला वेळ लागतो. एकेक पातं मंदावत गेलं, शेवटचं गंगुबाईच्या डोक्यावरचं. मग असं काही झालं जे मी त्या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं. काहीच ऐकू येईना. समोरच्या चाळीत कुकरची शिट्टी झाली तीही ऐकू आली, आणि त्या शिट्टीच्या मागून व्हायोलिन सुरू झालं.

मी संगीतातली जाणकार नाही. एवढंच सांगते की तो आवाज चकचकीत नव्हता. त्याला पोत होता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याला असतो तसा. जिराफ खालून एकेक सूर ठेवत होता आणि पोर त्यावरून चालत होती, कधी धावत होती. तिसऱ्या रचनेत एक जागा अशी आली की दोन पोरी भांडताहेत असं वाटावं. मागून एक बाई म्हणाली, "बरोब्बर बोलली!" आणि नूपुर वाजवता वाजवता हसली.

घामाच्या धारा लागल्या होत्या. पत्रिकेने वारा घ्यायचा लोकांनी प्रयत्न केला, तर गंगुबाई कागदाच्या आवाजावर डोळे वटारायची. एकही माणूस उठला नाही. विडीवाले दारात उभे, हातात तशाच न पेटवलेल्या विड्या. चौथ्या रचनेत तार उतरली. नूपुर थांबली, खुंटी पिळली, कान लावला. एकशे साठ माणसं श्वास रोखून एका खुंटीकडे बघत होती. इतका वेळ इतक्या लोकांना मी कधीही गप्प ठेवू शकले नाही. आणि तिने त्यासाठी एक शब्द वापरला नाही.

सहावी संपली तेव्हा आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. टाळ्या थांबेनात. परब ओरडले, "आभार सगळ्यांचे! बसा, आणखी एक होवंदे!"

नूपुरने योरिसकडे बघून मान हलवली, तो मागे सरकला. मग तिने एकटीने एक भीमगीत वाजवलं. आमच्या चाळीत पाळण्यात म्हणतात ते. पहिल्या ओळीला लोकांनी ताल धरला आणि दुसऱ्या ओळीला आपणहून हात थांबवले, नीट ऐकू यावं म्हणून.

गंगुबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या दिवशी ह्येच वाजवणार व्हती."

मी सरकून तिला शेजारी जागा केली.

बरोबर नऊला अभ्यासाची मुलं आत आली. पंखे चालू झाले. जिन्यात नूपुर म्हणाली, "आई, दीड पान होतं ना हातात? मला दे."

"कशाला? बोललेच नाही मी ते."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि घडी करून पेटीत ठेवलं, तारांच्या पुडीशेजारी.

२८ एप्रिल, सोमवार

परब सकाळीच आले. म्हणाले, "ताई, तब्येत बरी मां? काल दोन मिनिटांत संपलात, मी म्हटलां डॉक्टरक बोलवूया." चहा पिऊन, दोन बोंबील बांधून घेऊन गेले.

वाचनालयाच्या फळ्यासाठी सूचना लिहिली आहे. नूपुरला वाचून दाखवली. तिने दोन वाक्यं काढायला लावली. काढली. आता सूचना अशी:

"डिलाईल रोडच्या, लालबागच्या, नायगावच्या बंधूभगिनींनो! माझ्याविरुद्ध तुमची एक जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. आकांक्षाचा नाच, शिवाचा तबला, नम्रताची कविता आणि आणखी एकवीस जणांचं काही ना काही माझ्या भाषणापायी राहून गेलं. नावं माझ्या वह्यांत होती तेवढी खाली दिली आहेत. नसतील ती येऊन सांगा. वय कितीही झालेलं असो, सराव असो वा नसो, रविवारी ४ मे रोजी सकाळी ठीक दहा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये या आणि आपलं राहिलेलं पूर्ण करा. सतरंजी मी घालीन. पंखे गंगुबाई बंद करील."